हीटर बदलू नका, आधी पाण्याचा बंदोबस्त करा

प्रश्न थोडक्यात असा: दोन माणसं, आत राहता-झोपता येईल अशी सात मीटरची गाडी, गॅसवर चालणारा ४ किलोवॉटचा हीटर, रात्रीचं तापमान उणे ५ ते उणे १२. थंडीतल्या पहिल्याच सफरीत चार गोष्टी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरचं सगळं पाणी गाडीखाली सांडलेलं होतं. तिसऱ्या रात्री सिलेंडरमध्ये गॅस असूनही ज्योत विझली. गादी उचलली तर खाली ओल. आणि बॅटरी रोज पहाटे बसत होती. ६ किलोवॉटचा हीटर बसवला तर हे थांबेल का?

थांबणार नाही. ४ किलोवॉटचा हीटर धडपणे बांधलेल्या सात मीटरच्या गाडीला उणे १२ मध्ये पुरतो, आणि बहुतेक वेळ तो निम्म्या ताकदीवरच चालतो. तुमच्या चारपैकी दोन तक्रारी पाण्याच्या आहेत, एक गॅसची, एक बॅटरीची. थंडीत गाडीचं जे काही बिघडतं त्याच्या मुळाशी बहुधा पाणीच सापडतं: पाइपातलं, श्वासातलं, रेग्युलेटरमधलं, ब्रेकच्या ड्रममधलं. त्यामुळे पाण्यापासूनच सुरुवात करतो.

गाडी नेमकी कोणत्या थंडीसाठी बांधली आहे

गाडीची कागदपत्रं काढा आणि तापमानाची श्रेणी शोधा. युरोपीय मानकांत (मोटरहोमसाठी, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या राहत्या गाडीसाठी, ईएन १६४६-१; कॅराव्हॅनसाठी, म्हणजे दुसऱ्या गाडीमागे ओढायच्या राहत्या गाडीसाठी, ईएन १६४५-१) दुसरी श्रेणी म्हणजे बाहेर ० अंश असताना आत २० अंश गाठता येणं. तिसरी श्रेणी म्हणजे बाहेर उणे १५ असताना आत २० अंश, आणि वर पाण्याची यंत्रणाही चालली पाहिजे. फरक इथेच आहे. दुसऱ्या श्रेणीची गाडी माणसांना ऊब देते, पण पाइप गोठणार नाहीत याची हमी देत नाही. तुमच्या गाडीची पाण्याची टाकी फरशीखाली उघडी लटकत असेल तर आत कितीही मोठा हीटर बसवा, टाकी बाहेरच्याच हवेत राहणार.

अशा गाडीत सरळ मार्ग एकच: फरशीखालची टाकी रिकामी ठेवायची आणि आतल्या कपाटात १० ते २० लिटरचा कॅन ठेवून त्यात पाण्यात बुडणारा छोटा १२ व्होल्टचा पंप सोडायचा. पंपाची नळी आतल्या पाइपलाइनला जोडली की नळ, शॉवर नेहमीसारखे चालतात. कॅन रोज भरावा लागतो हे खरं, पण गोठलेली टाकी वितळवण्यात अख्खा दिवस जातो त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बॉयलर स्वतःहून रिकामा का झाला

तो बिघडला नाही, त्याने स्वतःला वाचवलं. बॉयलरच्या शेजारी एक फ्रॉस्ट व्हॉल्व्ह असतो. त्याच्या जवळची हवा साधारण ३ अंशांवर आली की तो उघडतो आणि बॉयलरचं पाणी, बहुतेक गाड्यांत १० लिटरच्या आसपास, खाली सोडून देतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बंद टाकीत ते फुगलं तर बॉयलर फाटतो, आणि बॉयलर हा गाडीतल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक.

हा व्हॉल्व्ह गाडीच्या मध्यावरचं तापमान पाहत नाही, स्वतःच्या कोपऱ्यातलं पाहतो. तो बऱ्याचदा पलंगाखाली किंवा दाराजवळच्या खणात, नेमका सर्वांत गार जागी बसवलेला असतो. तुम्ही सोफ्यावर २० अंशांत बसलेले असता आणि पलंगाखाली ३ अंश झालेले असतात. त्या खणातून गरम हवेची नळी जात असेल तर तिला व्हॉल्व्हच्या दिशेने ८ ते १० मिलिमीटरचं एक भोक पाडा. एवढ्याशा झुळकीने काम होतं. खणात सामान ठासून भरू नका. आणि कपड्याचा चिमटा लावून व्हॉल्व्हचं बटण दाबून धरायचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. एका रात्रीच्या गरम पाण्यासाठी बॉयलर पणाला लागतो.

क्रम असा ठेवा. गार पडलेल्या गाडीत आधी हीटर लावा, पाणी भरू नका. तो खण ७ अंशांच्या वर गेला की मगच व्हॉल्व्ह बंद करता येतो, त्याआधी तो बसतच नाही. तो बंद झाल्यावर टाकी भरा, पंप लावा, आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून हवा निघून सलग धार येईपर्यंत थांबा. उलट क्रमाने केलं तर भरलेलं पाणी आपल्याच पायाखाली बर्फ होऊन पसरतं.

एक गैरसमज मात्र महागात पडतो. फ्रॉस्ट व्हॉल्व्ह फक्त बॉयलर वाचवतो. पाइप, पंप, नळ, शॉवर आणि टॉयलेटचा पाण्याचा व्हॉल्व्ह यांना त्याचा काही उपयोग नाही.

पाणी पूर्ण काढायचं असेल तेव्हा

गाडी दोन-तीन दिवस हीटरशिवाय उभी राहणार असेल तर पाणी काढावंच लागतं, आणि अर्धवट काढलेलं पाणी न काढल्यासारखंच. सर्वांत आधी पंपाचं बटण बंद करा, शक्य असेल तर फ्यूजही काढा, कारण पुढे नळ उघडे राहणार आहेत. टाकीचं झाकण उघडा, टाकी सोडा, फ्रॉस्ट व्हॉल्व्ह आणि बाकीचे सगळे ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. मग प्रत्येक नळाचा दांडा वर करून बरोबर मध्ये आणा. दांडा एका बाजूला राहिला की दुसऱ्या बाजूचं पाणी नळाच्या आतच अडकतं, आणि लोक नेमके इथेच चुकतात. गरम-थंड एकत्र असलेल्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्यांचं एक कार्ट्रिज असतं. त्यात चमचाभर पाणी राहिलं तरी गोठताना कार्ट्रिजच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर जाते. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या वेळी पंप लावला की दांड्याच्या मुळाशी पाणी झिरपतं आणि सिंकखालचं प्लायवुड हळूहळू फुगतं.

शॉवरचा हात आकड्यावर टांगलेला ठेवू नका. नळीला झोळ पडतो आणि त्या झोळात पाणी साचून राहतं. हात सोडवा, नळी झटका आणि तळाशी आडवी ठेवून द्या. पंपाच्या आधी एक पारदर्शक गाळणी असते, तिची वाटी फिरवून काढा आणि रिकामी करा. थंडीत सर्वांत जास्त फुटणाऱ्या वस्तूंत या वाटीचा नंबर वरचा आहे. पंप रबरी पडद्याचा (डायफ्रॅमचा) असेल तर व्हॉल्व्ह उघडे असताना तेवढ्यापुरता पुन्हा लावून १५-२० सेकंद कोरडा चालवा, आत राहिलेलं पाणी तो फेकून देतो. टॉयलेटचं फ्लशचं बटण पाणी यायचं थांबेपर्यंत दाबा. फ्लशची टाकी वेगळी असेल तर तीही सोडा.

पाइप फुंकून काढायचे असतील तर पायपंपाइतका हलका दाब पुरे. मोठा कॉम्प्रेसर लावून जोड निखळवल्याचे प्रकार पाहायला मिळतात. व्हॉल्व्ह उघडे ठेवून दोन-चार किलोमीटर गाडी चालवली तर वळणावळणाला उरलेलं पाणी आपोआप गळून जातं, हा उपाय सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा. नळ उघडेच राहू द्या.

सांडपाणी

सांडपाण्याची टाकी उघडी लटकत असेल तर तिच्यात पाणी साठवूच नका. थंडी सुरू होण्याआधीच तिचा व्हॉल्व्ह उघडून ठेवा आणि खाली बादली लावा. हा व्हॉल्व्ह सरकत्या पट्टीचा असतो. पट्टीच्या खाचेत राहिलेल्या थेंबाचा बर्फ झाला की दांडा हलत नाही, जोर लावला की तुटतो.

बादली लवचिक रबराची घ्या, बांधकामावर वापरतात तशी. कडक प्लास्टिकची बादली गोठलेल्या पाण्याने तडकते. रबराची उलटी करून दाबली की बर्फाचा गोळा सुटून येतो. मूठभर मीठ टाकलं तर गोठणं थोडं लांबतं. बादली दोन-तृतीयांश भरली की ठरवून दिलेल्या सांडपाण्याच्या जागीच रिती करा, बर्फात ओतू नका. आणि रोज सकाळी खाली वाकून एकदा पाहाच. नळ थेंबथेंब गळत असेल तर पाइपाच्या तोंडापासून बादलीपर्यंत बर्फाचा एक खांब तयार होतो. तो पाइपाच्या आत चढला की सिंकचं पाणी उलटं शॉवरच्या ताटात येतं, आणि माणूस गाडीच्या आत तुंबलेली जागा शोधत बसतो.

कॅसेट टॉयलेटचा, म्हणजे मैल्याची टाकी (कॅसेट) बाहेर ओढून काढता येते अशा टॉयलेटचा, खण गरम हवेच्या नळीवर असेल तर काळजी नाही. नसेल तर कॅसेट अर्धी भरताच रिकामी करा. पूर्ण गोठलेली कॅसेट वितळायला आत आणून ठेवावी लागते, आणि ती वेळ कोणावरही येऊ नये. अँटीफ्रीझ वापरायचंच असेल तर प्रोपिलीन ग्लायकॉलचं घ्या. इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पाण्याच्या यंत्रणेच्या आसपासही नको.

गादीखालची ओल

झोपलेली दोन माणसं आठ तासांत श्वासातून आणि त्वचेतून अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. त्यात शेगडीची भर: १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, शिवाय भांड्यातली वाफ वेगळी. ओले बूट, जॅकेट, टॉवेल हे सगळं आतच वाळतं. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १२ अंश असतो. म्हणजे १२ अंशांखालच्या ज्या पृष्ठभागाला ही हवा लागेल तिथे पाणी सुटेल. गादीचा खालचा पृष्ठभाग, भिंतीला टेकलेली उशी, कपाटाची मागची बाजू या सगळ्या जागा १२ अंशांपेक्षा सहज गार असतात.

इथे लोक जे करतात ते नेमकं उलटं असतं. ऊब जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतात, छताची जाळी बुजवतात. हिशेब करून पाहा. गाडीत २५ घनमीटर हवा आहे असं धरू. आतल्या हवेत दर घनमीटरला साधारण १० ग्रॅम वाफ आहे. बाहेर उणे ५ अंशांची हवा पूर्ण भिजलेली असली तरी तिच्यात सव्वातीन-साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त वाफ मावत नाही. आतली हवा एकदा पूर्ण बदलली तर दीड पेलाभर, म्हणजे १६० ते १७५ ग्रॅम पाणी बाहेर जातं. आणि आलेली गार हवा २० अंशांवर न्यायला किती गॅस लागतो? साधारण २० ग्रॅम. एवढ्या स्वस्तात ओल घालवणारं दुसरं काहीच नाही. ओलावा शोषणाऱ्या क्षाराच्या डब्या उभ्या, बंद गाडीत ठीक आहेत. माणसं राहत असताना त्या पुरत नाहीत.

म्हणून सकाळी उठल्यावर, स्वयंपाक झाल्यावर आणि झोपण्याआधी समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा दार आणि छताची खिडकी सताड उघडा. तीन ते पाच मिनिटं, जास्त नाही. तेवढ्यात हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार पडत नाही. खिडकी दिवसभर फटभर उघडी ठेवण्याचा उपयोग कमी. त्याने चौकट गार होते आणि पाणी तिथेच सुटतं. स्वयंपाक करताना मात्र वरची खिडकी उघडी हवीच, भांड्यावर झाकण हवंच.

गादी लाकडी पाटावर सपाट पडली असेल तर तिच्याखाली हवा खेळती राहील असं जाळीचं अंथरूण घाला, किंवा पट्ट्यांचा पलंग करून घ्या. रोज सकाळी गादी एका बाजूने उभी करून अर्धा तास ठेवा. सोफ्याच्या पाठी भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटलेल्या असतात, ती गरम हवा वर जाण्याची वाट आहे. तिथे पांघरुणं कोंबली की हवा अडते आणि खिडकीखालच्या भिंतीवर बुरशी धरते. कपाटं काठोकाठ भरू नका, रात्री त्यांची दारं किलकिली राहू द्या.

मोटरहोममध्ये ड्रायव्हरच्या केबिनची काच ही सर्वांत मोठी गळती. एकेरी काच, पातळ दारं, खाली पायाशी लोखंडी पत्रा. काचेच्या आतून लावायचे चंदेरी पडदे ऊब थोडी वाचवतात, पण काच आणि पडदा यांच्यामध्ये वाफ शिरून काचेवर बर्फाचा थर जमतो आणि सकाळी तो वितळून डॅशबोर्डवर उतरतो. बाहेरून घालायची जाड झूल काचेलाच उबदार ठेवते, म्हणून पाणी सुटत नाही. खर्च एकाच वस्तूवर करायचा असेल तर या झुलीवर करा. शिवाय केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये फरशीपर्यंत पोचणारा जाड पडदा लावा. वर घट्ट आणि खाली उघडा पडदा बिनकामाचा, कारण गार हवा जमिनीलगतच सरकते.

ॲक्रिलिकच्या खिडक्यांवरचा बर्फ खरवडू नका. गरम पाणीही ओतू नका. अल्कोहोल असलेला बर्फ वितळवणारा फवारा त्यांच्यावर मारला तर बारीक कोळिष्टकासारख्या भेगा पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. आतून ऊब द्या, बर्फ सुटून येतो.

गॅस असून ज्योत का विझली

तुमच्या सिलेंडरमध्ये मिश्रण होतं, याची जवळपास खात्री आहे. ब्यूटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो. सुरुवातीला सगळं छान चालतं, पण शेवटच्या भागात मुख्यतः ब्यूटेन उरतो आणि तो ० अंशाखाली द्रवच राहतो. सिलेंडर हलवला की आत डचमळतं, वजन लागतं, शेगडी मात्र पेटत नाही. थंडीत शुद्ध प्रोपेनच घ्या. सिलेंडरला शेगडीजवळ नेणं, हीटरसमोर ठेवणं, ज्योत दाखवणं यांतलं काहीही करू नका.

प्रोपेन भरलेला असूनही ज्योत मंदावली तर रेग्युलेटर पाहा. गॅसमधला किंचितसा ओलावा रेग्युलेटरच्या बारीक भोकात गोठतो. रेग्युलेटर सिलेंडरच्या तोंडापेक्षा वर बसवलेला हवा आणि नळी सिलेंडरकडे उतरती हवी, म्हणजे नळीत जमलेलं द्रव परत सिलेंडरकडे वाहतं, रेग्युलेटरमध्ये साचत नाही. रेग्युलेटर तापवणारा १२ व्होल्टचा छोटा घटक मिळतो. उणे ५ च्या खाली राहणार असाल तर तो बसवून घ्या.

खप किती धरायचा? हीटर २ किलोवॉटवर तासाला सुमारे १६० ग्रॅम, ४ किलोवॉटवर ३२० ग्रॅम गॅस घेतो. सरासरी २ किलोवॉट धरली तर दिवसाला जवळजवळ ४ किलो होतात. ११ किलोचा सिलेंडर तीन दिवसांच्या आतच संपतो, वाऱ्याचा दिवस असेल तर दोनच दिवसांत. दोन सिलेंडर आणि मधे आपोआप बदलणारा रेग्युलेटर असेल तर पहाटे तीनला बाहेर जावं लागत नाही. सामान तोलायचा वजनकाटा सोबत ठेवा. सिलेंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो.

रात्री हीटर बंद करून सकाळी पुन्हा लावणं खोटी बचत आहे. १२ ते १५ अंशांवर चालू ठेवा. भिंती गार पडल्या की पाणी सुटतं आणि सकाळी त्या पुन्हा तापवायला जादा गॅस जळतो.

मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी असेल तर आणखी एक मेख आहे. ६ अँपिअरच्या जोडणीतून २३० व्होल्टवर १३८० वॉटच मिळतात, त्यामुळे २००० वॉटचा पंख्याचा हीटर लावला की स्विच पडतो. पण ५००-१००० वॉटचा लावला तरी एक धोका राहतो. तो खोलीचा मधला भाग तापवतो, मुख्य हीटरचा थर्मोस्टॅट समाधानी होऊन बंद पडतो, आणि ज्या नळ्यांतून खणांना, दुहेरी फरशीला, पाइपांना ऊब जात होती त्या गार पडतात. आत २१ अंश आणि फरशीखाली गोठलेला पाइप, असं नेमकं यामुळे होतं. जोड हीटर वापरा, पण मुख्य हीटर सतत फिरता राहील एवढंच त्याला तापवू द्या. वीज आणणारी केबल रबराची, ३ × २.५ चौरस मिलिमीटरची असावी. पीव्हीसीची थंडीत काठीसारखी ताठ होते. रीळ पूर्ण उलगडा, आणि केबल बर्फात गाडली जाणार नाही अशी उचलून टाका.

श्वास आणि धूर

या भागात तडजोड नको. फरशीतली आणि छतातली कायमची हवेची भोकं कधीही बुजवू नका, कितीही झोंबरं वारं आलं तरी. फरशीतली भोकं गळलेल्या गॅससाठी असतात. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो खालीच उतरतो. हीटरच्या धुराड्याभोवतीचा बर्फ संध्याकाळी आणि सकाळी काढा, रात्री पाऊस-बर्फ असेल तर मध्येही एकदा. छतावरून धूर सोडणाऱ्या कॅराव्हॅनला धुराड्याचा जोडतुकडा लावा, निघताना तो काढायला विसरू नका.

डिझेल हीटरचा धूर गाडीच्या पोटाखाली सुटतो. बर्फ गाडीच्या कडांपर्यंत चढला की तो धूर खाली कोंडतो आणि फरशीच्या भोकांतून वर येतो. वाऱ्याच्या आडोशाची निदान एक बाजू खणून मोकळी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ईएन ५०२९१-२ या मानकाचा घ्या, तो अशा गाड्या आणि बोटींसाठीच असतो. शेगडी किंवा ओव्हन ऊब घेण्यासाठी लावू नका. विझत आलेली कोळशाची शेगडी आत किंवा तंबूत आणणं जिवावर बेततं. दोघांचंही डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं तर कारण शोधत बसू नका. आधी बाहेर पडा.

बॅटरी

हीटरचा पंखा आणि सर्किट सरासरी १ ते १.५ अँपिअर घेतात, म्हणजे दिवसाला २४ ते ३६ अँपिअर-तास. दिवे, पंप, फोन धरून ५० होतात. १०० अँपिअर-तासाच्या लेड बॅटरीतून निम्मेच काढायचे असतात, आणि ० अंशाला तिची ताकद साधारण एक-पंचमांश घटते. उरले ४०. तुमची बॅटरी पहाटे का बसते ते यातच आलं. सोलर पॅनलवर विसंबू नका. दिवस लहान, सूर्य खाली, वर बर्फाचा थर. उतरलेली लेड बॅटरी उणे ७-८ च्या आसपास गोठूही शकते, भरलेली गोठत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी खोलवर वापरता येते, पण ० अंशाखाली ती चार्ज करायची नसते. पेशीत धातूचं लिथियम जमून ती कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीचं नियंत्रण चार्जिंग रोखतं, आणि मालकाला वाटतं चार्जर गेला. ती बॅटरी आत, उबेत, सीटखाली बसवा.

डिझेल, टायर, ब्रेक

उष्ण प्रदेशात भरलेलं डिझेल थंडीत नेलं की त्यातलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. गाडी सुरू होते, दोन मिनिटं चालते, बंद पडते. थंड प्रदेशातलं हिवाळी डिझेल पोचल्याच्या संध्याकाळी भरा, आणि भरल्यावर थोडी गाडी चालवा. नुसतं टाकीत पडून भागत नाही, फिल्टरपर्यंत पोचायला हवं. डिझेल हीटर असेल तर तोही अर्धा तास चालवा, त्याची नळी तर अगदी बारीक असते. हा हीटर सतत मंद ठेवला की काजळी धरतो. दोन-तीन दिवसांतून एकदा २० मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवा. आधुनिक इंजिनात डिझेल पातळ करायला पेट्रोल घालण्याची जुनी युक्ती करू नका, उच्च दाबाचा पंप जातो.

टायरवर तीन शिखरं आणि हिमकण ही हिवाळी टायरची खूण हवी, खाच निदान ४ मिलिमीटर खोल. ५ बारच्या टायरचा दाब दर १० अंशांना साधारण ०.२ बारने उतरतो, म्हणून तिथे पोचल्यावर सकाळी गार टायरचा दाब पुन्हा पाहा. बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या इंजिनाने फिरणाऱ्या चाकांनाच लागतात, आणि त्या लावून ताशी ५० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. घरच्या अंगणात हातमोजे घालून एकदा लावून बघा. पुढची चाकं ओढणाऱ्या मोटरहोममध्ये मागच्या सामानाच्या मोठ्या खणात (त्याला गॅरेज म्हणतात) जड सामान भरलं की पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि साध्या चढावर ती जागेवर फिरतात. जड वस्तू दोन आसांच्या मध्ये हलवा.

मुक्कामी गरम टायर बर्फ वितळवतात, खाली खळगा पडतो आणि रात्री तो गोठतो. चाकं थांबताक्षणी फळ्यांवर घ्या, कॅराव्हॅनचे टेकूही फळीवरच टेकवा. ओल्या रस्त्यावरून आल्यावर हँडब्रेक ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटून गोठतात. गाडी गिअरमध्ये टाका, चाकांना पुढून-मागून पाचर लावा. हे सपाट जागेवरच. मुक्कामाची जागा खोलगट नको, रात्रीची गार हवा तिथेच साचते. झाडाखालीही नको. तोंड बाहेरच्या दिशेला करून उभी करा.

छतावरचा ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, ओला झालेला ३०० ते ५००. १२ चौरस मीटरच्या छतावर २० सेंटिमीटर ओला बर्फ म्हणजे सातशे ते बाराशे किलो. तो साचू देऊ नका. निघण्याआधी तर छत पूर्ण झाडायलाच हवं. वेगात सुटलेली बर्फाची लादी मागच्या गाडीची काच फोडते.

कुलूप गोठलं तर त्यावर घालायचं औषध खिशात ठेवा, गाडीच्या आत नाही. दारांच्या रबरांना निघण्याआधी सिलिकॉन चोळा. परतल्यावर पहिल्या उबदार दिवशी चॅसी, ब्रेकच्या तारा आणि पायरीची बिजागरं खालून साध्या पाण्याने धुऊन काढा, रस्त्यावरचं मीठ तिथेच बसून असतं. गाद्या उभ्या करून, सगळी दारं-खण उघडून ती दोन दिवस वाळू द्या.